प्रेशर कुकरमध्ये कोलार्ड ग्रीन्स: मांस आधी, पाला नंतर

अमेरिकेच्या दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी आणि दोन्ही कॅरोलायना या पट्ट्यात, 'ग्रीन्स' म्हणजे सॅलडची कच्ची पानं नव्हेत. कोलार्डची जाड, रुंद पानं, धुरी दिलेलं मांस आणि भरपूर पाणी असं सगळं मंद आचेवर दोन-तीन तास शिजवलेली, रस्सा सुटलेली मऊ भाजी म्हणजे ग्रीन्स. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या हातांनी ही पद्धत घडली. मालकाच्या घरी नको असलेले मांसाचे तुकडे आणि परसातला पाला यांतून त्यांनी हे जेवण उभं केलं. आज ते दक्षिणेतल्या सगळ्यांचंच आहे. साउथ कॅरोलायनाने २०११ साली कोलार्डला राज्याची अधिकृत पालेभाजी म्हणून मान दिला.

प्रेशर कुकरमध्ये हेच काम बरंच कमी वेळात होतं. अटलांटा, शार्लट, रॅली इथल्या मराठी घरांत कुकर असतोच, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कोलार्डच्या ताज्या जुड्या बारमाही मिळतात. तरी पहिल्या खेपेला ही भाजी बहुतेकांची बिघडते, आणि कारण ठरलेलं असतं: सगळं एकदम कुकरात टाकून शिट्ट्या मोजणं. धुरी दिलेल्या हाडाच्या तुकड्याला प्रेशरखाली ४० मिनिटं लागतात, पानांना ८. दोन्ही एकत्र घातलं तर एक तर मांस चिवट राहतं, नाही तर पाला लगदा होऊन रश्शाला कोबी जास्त शिजल्याचा उग्र वास येतो. म्हणून कुकर दोनदा लावायचा. आधी मांसाला, मग पाल्याला.

पाला कोणता घ्यावा

कोलार्ड ही कोबी, फुलकोबी, नवलकोल यांच्याच जातीची, फक्त गड्डा न धरणारी वनस्पती आहे. काश्मिरी हाख तिच्याच जवळची. पानं गडद निळसर हिरवी, ताठ आणि मोडली तर कट् आवाज करणारी हवीत. पिवळी कड किंवा मऊ पडलेला देठ दिसला तर ती जुडी ठेवून द्या. थंडीतला, विशेषतः एखादं दहिवर पडून गेल्यानंतरचा पाला गोडसर असतो, कारण गारठ्यात झाड पानांत साखर साठवतं. जुलै-ऑगस्टमधला पाला जास्त कडू आणि जाड निघतो.

दुकानात त्याच फळीवर मोहरीची पानं आणि टर्निपचा, म्हणजे शलगमचा, पाला ठेवलेला असतो. मोहरीचा पाला पातळ आणि झणझणीत, शिजला की झणका बराच उतरतो. टर्निपचा पाला किंचित कडवट आणि मऊ. दक्षिणेत हे तिन्ही मिसळूनही शिजवतात. पहिल्यांदा करताना मात्र नुसतं कोलार्डच घ्या, वेळेचा अंदाज बसतो.

चिरून पिशवीत भरलेलं कोलार्डही मिळतं. वेळ वाचतो हे खरं, पण त्यात जाड देठाचे तुकडे जसेच्या तसे असतात. पिशवी ताटात उपसून ते वेचून काढा.

महाराष्ट्रात कोलार्ड सहसा बाजारात येत नाही. नवलकोलाची पानं मिळाली तर ती सर्वांत जवळची, त्याखालोखाल फुलकोबीची कोवळी पानं. पालक आणि माठ या कामाचे नाहीत, दोन मिनिटांत त्यांचं पाणी होतं.

साहित्य, चार ते सहा जणांसाठी

कोलार्ड साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे २ पाउंड (दोन ते तीन जुड्या). देठ काढल्यावर यातला तिसरा हिस्सा कमी होतो.
धुरी दिलेला हॅम हॉक १, साधारण ४०० ग्रॅम. हा डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा तुकडा. डुकराचं मांस चालत नसेल तर तितक्याच वजनाचा धुरी दिलेला टर्कीचा पंख किंवा तंगडी.
कांदा १ मोठा, लसूण ४ पाकळ्या.
पाणी ३ कप, म्हणजे सुमारे ७०० मिली.
तेल १ मोठा चमचा.
भरडलेली लाल मिरची अर्धा लहान चमचा, मिरी पाव लहान चमचा, साखर १ लहान चमचा.
अ‍ॅपल सायडर व्हिनेगर १ ते २ मोठे चमचे.
मीठ शेवटी, चव घेऊनच.

कुकर ५ ते ६ लिटरचा लागतो. ३ लिटरच्या कुकरात निम्म्या मापाने करा. भात-वरणाचे डबे आणि खालची जाळी काढून ठेवा, ही भाजी थेट कुकराच्या तळाशी शिजते.

निवडणं आणि धुणं

कोलार्डच्या पानांवर बारीक वाळू अडकलेली असते आणि ती नळाखाली धरून जात नाही. मोठं पातेलं किंवा सिंक गार पाण्याने भरा, पानं त्यात बुडवून चांगली हिंदकळा आणि पाच मिनिटं स्वस्थ राहू द्या. वाळू तळाला बसते. मग पानं वरच्या वर उचलून काढा. पातेलं पालथं करून चाळणीत ओतलं तर बसलेली सगळी वाळू पुन्हा पानांवरच येते. ही चूक फार जण करतात. असं तीन पाण्यांत, किंवा तळाला हात लावल्यावर खरखर लागेनाशी होईपर्यंत. पानांच्या मागे मावा दिसला तर पहिल्या पाण्यात मूठभर मीठ टाका.

मधली शीर काढायची. पान उलटं धरून दुमडा आणि देठाच्या दोन्ही बाजूंनी सुरी ओढा, किंवा देठ एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पान वर ओरबाडून घ्या. टोकाकडची बोटभर शीर कोवळी असते, ती राहिली तरी चालेल. देठ टाकून द्यायची गरज नाही. ते मुगाच्या दाण्याएवढे बारीक चिरले तर कांद्याबरोबर परतून वापरता येतात.

पाच-सहा पानं एकावर एक ठेवा, गुंडाळी करा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. याहून बारीक चिरू नका, कुकरात त्याचा लगदा होतो.

शिट्ट्या नव्हे, मिनिटं

इथे आपली सवय आड येते. शिट्टी किती वेळाने होईल हे आचेवर, पाण्यावर आणि कुकर किती भरलाय यावर अवलंबून असतं. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतात, मंद आचेवर वीस मिनिटांत. पहिली शिट्टी म्हणजे पूर्ण प्रेशर आलं. त्यानंतर आच कमी करा आणि घड्याळ लावा.

आपला नेहमीचा शिट्टीचा कुकर आणि अमेरिकेतला डुलत्या वजनाचा कुकर साधारण १५ पीएसआय (दर चौरस इंचावर १५ पाउंड) प्रेशरवर चालतात, आतलं तापमान १२१ अंश सेल्सियसच्या आसपास जातं. इन्स्टंट पॉटसारखे विजेवरचे कुकर 'हाय'वरही १० ते १२ पीएसआयलाच थांबतात, म्हणजे ११५-११७ अंश. म्हणून त्यात वेळ थोडा जास्त लागतो. खाली आधी शेगडीवरच्या कुकराची मिनिटं दिली आहेत, मग विजेवरच्या.

पहिला टप्पा: मांस आणि पाणी

कुकरात तेल गरम करून उभा चिरलेला कांदा (आणि असल्यास चिरलेले देठ) तीन-चार मिनिटं परता, कडा जरा सोनेरी होईपर्यंत. ठेचलेली लसूण आणि लाल मिरची घालून अर्धा मिनिट. मग पाणी ओता आणि तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून सोडवा. विजेवरच्या कुकरात हे विसरलात तर तो 'बर्न' दाखवून मध्येच थांबेल.

हॅम हॉक घाला. मीठ घालू नका. झाकण लावा, प्रेशर आणा, आच कमी करा. हॅम हॉकला ४० मिनिटं, विजेवर ५०. टर्कीच्या पंखाला २५, विजेवर ३०. तंगडी असेल तर पाच मिनिटं वाढवा. मग आच बंद करून वाफ आपोआप जिरू द्या, साधारण १५ मिनिटं. मांसाला ही घाई चालत नाही. प्रेशर एकदम सोडलं तर आतला रस उकळून बाहेर पडतो आणि मांस कोरडं होतं.

या टप्प्याने दोन गोष्टी साधतात. धूर आणि मीठ पाण्यात उतरतं, आणि हाडाभोवतीच्या चिवट पडद्यांचं जिलेटिन होऊन पाण्याला दाटपणा येतो. भाजीची निम्मी चव या पाण्यात आहे, म्हणून हा टप्पा टाळू नका.

तुकडा बाहेर काढा, निवला की मांस हाडावरून सोडवून घ्या. जाड कातडी आणि हाड टाका. वर आलेलं तेल पळीने काढा, एक-दोन चमचे राहू द्या, कारण चरबीने पानांचा कडवटपणा झाकला जातो. आता पाण्याची चव बघा. खारट लागलं तर अर्धं काढून तितकंच साधं पाणी घाला. धुरी दिलेल्या मांसात मीठ किती असेल याचा नेम नसतो, एका कंपनीचं दुसऱ्यासारखं नसतं, आणि टर्कीचं पुष्कळदा डुकरापेक्षाही खारट निघतं.

दुसरा टप्पा: पाला

पाण्याला उकळी आणा. चिरलेला पाला एकदम कोंबायचा नाही. तिसरा हिस्सा घाला, चिमट्याने वरखाली करा, मिनिटभरात तो खाली बसतो. मग पुढचा हिस्सा. डोंगराएवढा दिसणारा पाला पाच मिनिटांत कुकराच्या निम्म्यावर येतो. दोन-तृतीयांशाच्या वर काहीही नको. पान उडून शिट्टीच्या भोकात अडकलं तर वाफेची वाट बंद होते, आणि हे पालेभाजीत सहज घडतं. त्यासाठीच पाला आधी बसवून घ्यायचा. झाकण लावण्यापूर्वी भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय ना हेही पाहा.

पाणी पाल्याच्या निम्म्यापर्यंत आलं तरी पुरतं. पाला स्वतःचं पाणी सोडतो, बुडेपर्यंत ओतलं तर शेवटी पांचट रस्सा उरतो. साखर आणि मिरी घाला. व्हिनेगर आत्ता नाही.

प्रेशर आल्यापासून मिनिटं अशी: जून, जाड कोलार्ड ८, विजेवर १२. कोवळं कोलार्ड ५, विजेवर ८. टर्निपचा पाला ४, विजेवर ५. मोहरीची पानं २ ते ३, विजेवर ४. मिसळून करायचं असेल तर कोलार्ड आधी प्रेशरवर शिजवा आणि मोहरी-टर्निप नंतर उघड्या कुकरात दहा मिनिटं.

वेळ झाली की इथे वाफ जिरायची वाट पाहायची नाही, तेवढ्या वेळात पाला शिजतच राहतो. आच बंद करून दोन मिनिटं थांबा, उकळ जरा बसू द्या, मग उलथन्याने वजन थोडं थोडं उचलून वाफ सोडा. एकदम उचललंत तर चरबीचा हिरवा रस्सा छतापर्यंत उडतो. शेगडीवरचा कुकर गार पाण्याच्या धारेखालीही धरता येतो, धार भोकावर पडू न देता. विजेवरच्या कुकराला पाणी लावण्याचा प्रश्नच नाही, त्याची कळ थांबून थांबून उघडा, हात आणि तोंड लांब ठेवून.

शेवटची दहा मिनिटं, झाकणाशिवाय

सोडवलेलं मांस परत घाला आणि मध्यम आचेवर उघडंच उकळू द्या. रस्सा आटून चकचकीत होतो आणि कोंडलेला कोबीसारखा वास निघून जातो. पट्टी दातांनी सहज तुटली पाहिजे, पण चमच्यात उचलल्यावर पट्टीच दिसली पाहिजे. कमी शिजली वाटली तर पुन्हा प्रेशर न लावता इथेच पाच-सात मिनिटं जास्त द्या.

आता व्हिनेगर, आधी एकच चमचा. मग मीठ लागलंच तर. भाजीत आंबट आधी गेलं तर दोन तोटे होतात. आंबटात पानांचे धागे मऊ व्हायला वेळ लागतो, आणि हिरवा रंग लवकर जातो. शिवाय ॲल्युमिनियमच्या कुकराला आंबट चांगलं नाही, त्यामुळे व्हिनेगर घातलेली भाजी त्यातच ठेवून देऊ नका.

रंगाबद्दल: भाजी शेवाळी, जैतुनी हिरवीच होते. तापल्यावर पानांतल्या हिरव्या द्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं, आणि बंद कुकरात पानांतली आम्लं वाफेबरोबर बाहेर जात नाहीत, त्यामुळे रंग आणखी बदलतो. ही भाजी अशीच दिसते. रंगासाठी चिमूटभर खायचा सोडा टाकायची जुनी रीत आहे, पण कुकरात सोड्याने पानं बुळबुळीत होतात आणि ब१ जीवनसत्त्व नासतं. टाकू नका.

मांसाशिवाय

पहिला टप्पा पूर्ण गळतो आणि भाजी ४० मिनिटांत होते, पण धुराची आणि दाटपणाची भरपाई करावी लागते. तेल ३ मोठे चमचे, कांदा नीट तांबूस होईपर्यंत परतलेला, लसूण ६ पाकळ्या. आच मंद करून दीड लहान चमचा धुरी दिलेली पापरिका (सौम्य लाल मिरचीची पूड) तेलात पाच-दहा सेकंद, लगेच दोन कप पाणी, कारण ती पटकन करपून कडू होते. एक लहान चमचा सोया सॉस आणि अर्धा लहान चमचा मीठ. पुढे पाला वरच्याप्रमाणे.

कोळशाची धुरीही उत्तम लागते. शिजलेल्या भाजीत छोटी वाटी ठेवून तिच्यात लाल निखारा, त्यावर तेलाचे चार थेंब, पातेल्याचं साधं झाकण पाच मिनिटं. प्रेशरचं झाकण लावायचं नाही. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये हे खिडकी उघडून करा, नाही तर स्मोक अलार्म सगळ्या मजल्याला आमंत्रण देईल.

हळद-मोहरीची फोडणी दिलीत तर भाजी चांगलीच लागेल, पण मग ती ही भाजी राहत नाही.

बिघडलंच तर

कडू लागते: पाणी वाढवून उपयोग नाही. मीठ, चरबी आणि आंबट या तिघांनी कडवटपणा दबतो, याच क्रमाने थोडं थोडं वाढवा. साखर सर्वांत शेवटी. पाला जून आणि उन्हाळ्यातला असेल तर पुढच्या वेळी चिरलेली पानं उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून ते पाणी फेकून द्या, कडू द्रव्यं पाण्यात उतरतात.

खारट झाली: बटाटा टाकून मीठ शोषलं जातं हा समज सोडा. रस्सा अर्धा काढून गरम पाणी घाला, किंवा साधा शिजवलेला पाला मिसळा. काढलेला रस्सा फेकू नका.

दाताखाली कचकच येते: यावर उपाय नाही. वाळू तळाशी बसते, तेव्हा भाजी हलक्या हाताने वरून काढा आणि तळाचा चारपाच चमचे रस्सा सोडून द्या.

मांस अजून चिवट: पाला बाहेर काढून एकट्या मांसाला पुन्हा १० मिनिटं प्रेशर. पाल्यासकट लावू नका.

शिट्टी होतच नाही आणि कडेने वाफ येते: रबर सैल पडलंय किंवा कडेला पानाचा तुकडा अडकलाय. आच बंद करा, वाफ गेली की उघडून कड पुसा.

घाईच्या दिवशी

हॅम हॉक आठवड्याच्या सुट्टीत एकदम दोन-तीन शिजवून मांस आणि पाणी वेगवेगळ्या डब्यांत फ्रीझरला ठेवलं तर आडदिवशी फक्त दुसरा टप्पा उरतो, म्हणजे निवडणं-धुणं सोडून अर्धा तास. तेही नसेल तर १०० ग्रॅम बेकन बोटभर तुकड्यांत कापून कुकरातच कुरकुरीत तळा, सुटलेल्या चरबीत कांदा परता, दीड कप पाणी आणि पाला. रस्सा हॉकइतका दाट होत नाही, चव मात्र ओळखीची येते. गोठवलेलं चिरलेलं कोलार्ड आधीच अर्धवट शिजलेलं असतं, त्याला ३ मिनिटं पुरतात.

वाढणं आणि उरलेलं

खोलगट वाटीत रश्श्यासकट वाढा. या रश्श्याला तिकडे 'पॉट लिकर' म्हणतात. सोबत मक्याच्या पिठाचा, साखर न घातलेला, बिडाच्या तव्यात भाजलेला कॉर्नब्रेड. तो रश्श्यात बुडवून खावा की कुस्करून, यावर १९३१ साली लुईझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग आणि अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वृत्तपत्राचे संपादक ज्युलियन हॅरिस यांच्यात जाहीर वाद झाला होता. लाँग बुडवणाऱ्यांच्या बाजूचे, हॅरिस कुस्करणाऱ्यांच्या. भाकरी कुस्करून खाणाऱ्यांनी आपली बाजू ओळखावी. मक्याची भाकरी यासोबत अगदी जमते. टेबलावर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या मिरच्यांची बाटली किंवा टेक्सस पीटसारखा सॉस हवा. नावात टेक्सस असलं तरी हा सॉस नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा.

१ जानेवारीला दक्षिणेत ग्रीन्स आणि चवळी-भात खायची रीत आहे, हिरवी पानं म्हणजे नोटा आणि चवळी म्हणजे नाणी असं मानून. चवळी वेगळी शिजवा, पाल्याबरोबर कुकरात टाकू नका.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी कोलार्ड अचानक भरपूर खाणं टाळावं, त्यात के जीवनसत्त्व खूप असतं. किती खावं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

उरलेली भाजी पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस टिकते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. गार झाल्यावर रस्सा जेलीसारखा थिजला तर पहिला टप्पा नीट साधला असं समजा. उरलेल्या रश्श्यात पाण्याऐवजी भात शिजवा, किंवा गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पुढच्या खेपेला मांस नसेल तेव्हा चार खडे दीड कप पाण्यात घातले की काम भागतं.